पाऊण इंच

बटणाने गोटी ढकलली नव्हती, नुसती ठेवली होती. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग ते न पाहिल्यासारखं करणं त्यांना जमेना. निळ्या काचेची, पोटात पिवळा पीळ असलेली ती गोटी प्रार्थनाघरातल्या दिव्याच्या ओट्यापाशी क्षणभर थांबली, विचारात पडल्यासारखी. मग कुणीतरी हाक मारावी तशी निघाली. आधी चाचपडत, मग बेताने, मग अगदी ठरवून. एकेका सांध्यावर टिक् टिक् करत तिने तीस फुटांची ती खोली पार केली आणि दाराच्या चौकटीला टण्णकन आपटून थांबली. "आजोबा, एकटी गेली!" बटण टाळ्या पिटत ओरडली. ती त्यांची नात, चार वर्षांची, गोल आणि चपटी म्हणून बटण. "परत ठेव," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःला अनोळखी वाटला. बटणाने परत ठेवली. गोटी परत गेली. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः ठेवली, गुडघे कुरकुरत खाली वाकून, श्वाससुद्धा लागू नये म्हणून तोंड फिरवून. टिक्, टिक्, टिक्, टण्ण. बटणाला हा दिवसातला सर्वांत चांगला खेळ वाटत होता. ते मात्र ओट्याला टेकून खालीच बसले, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्या फरशीकडे परक्याच्या फरशीकडे बघावं तसं बघू लागले.

कारण ही फरशी त्यांची होती. म्हणजे प्रार्थनाघर सगळ्या वस्तीचं, वस्तीतल्या प्रत्येक घराने इथे हात लावलेला, कुणी विटा वाहिल्या, कुणी पाणी मारलं, शाळेच्या मास्तरांनी तर कॉलर न मळवता वाळू चाळली होती. पण माप त्यांचं. या वस्तीत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. ओळंबाकाका. भिंतीचा सरळपणा बघायला गवंडी दोरीला शिशाचं वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. लोक म्हणायचे, काकांना वजन सोडावं लागत नाही, ते नुसते भिंतीशेजारी उभे राहतात. ते कुणाच्या घरी गेले की यजमानीण आधी भिंतीवरचे फोटो सरळ करून घ्यायची, कारण नाही केले तर चहा निवला तरी काका त्या फोटोकडेच बघत बसत. बायको म्हणायची, "यांच्या अंगात रक्त नाहीये, लेव्हलचं पाणी आहे." ती हे थट्टेनं म्हणायची, पण त्यांना ते मनातून आवडायचं. चाळीस-बेचाळीस वर्षांत त्यांनी शाळेच्या चार खोल्या बांधल्या, दवाखान्याचा सोपा बांधला, शिवणकाम करणाऱ्या विधवा बाईची पडलेली भिंत एका रविवारात उभी करून दिली, वस्तीतल्या निम्म्या संसारांच्या डोक्यावर छप्पर घातलं. पण कुणी विचारलं, काका तुमचं सगळ्यांत चांगलं काम कुठलं, तर ते इथे घेऊन यायचे, चपला काढायला लावायचे आणि म्हणायचे, "पायाला विचारा." पाहुणा दोन पावलं चालायचा, मान डोलवायचा. पायाला काय कळतं. कळत असतं तर इतकी वर्षं त्यांचेच पाय गप्प का बसले?

ताडपत्रीच्या पलीकडून लेकीचा आवाज येत होता. प्रार्थनाघराची लांबलचक बाजूची भिंत गेल्या महिन्यात पाडली होती आणि पलीकडे नवी खोली उभी राहत होती, दुपारी मुलांच्या अभ्यासाला आणि संध्याकाळी म्हाताऱ्यांच्या गप्पांना. जुनी खोली आणि नवी, दोन्ही मिळून एक व्हायच्या होत्या, मध्ये तीस फुटांचा सांधा. हे लेकीचं स्वतःच्या जबाबदारीवरचं पहिलं काम. बाहेर पाटी लागली होती, रंगाऱ्याने हौसेनं वळणं काढलेली: ओळंबा आणि लेक. ती पाटी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी त्यांनी डोळ्यांत धूळ गेल्याचं सांगितलं होतं. आज सकाळीच तिने फोनवर विचारलं होतं, "बाबा, जेवणानंतर फरशीखालचं काँक्रीट टाकतेय. नव्या खोलीची पातळी कुठून घेऊ?" आणि ते जवळजवळ रागावलेच होते. "कुठून म्हणजे? जुन्या फरशीवरून घे. दोन्ही टोकांना घे. डोळे मिटून घे." पलीकडे थोडी शांतता पडली होती, आणि मग ती म्हणाली होती, "बरं." त्या शांततेचा त्यांनी तेव्हा काही अर्थ लावला नव्हता. आता लावायला त्यांच्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ होता. डोळे मिटून घेतली पातळी, तर नवी खोलीही हीच चाल चालणार, गोटी तिथूनही पळणार, आणि त्याच्यावर पाटी लेकीची.

गप्प बसलं तर? हा विचार त्यांच्या मनात आला तो आगंतुकासारखा नाही, घरच्या माणसासारखा आला आणि ऐसपैस बसला. गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे? जुनी फरशी उतरती, नवीही तेवढीच उतरती, दोघी बहिणी हातात हात घालून उतरतील, सांध्यात नखभर फट दिसणार नाही. चौतीस वर्षं कुणाला कळलं नाही, अजून चौतीस कळणार नाही. आणि तोवर आपण कुठे असणार? वरती. तिथे मात्र विचारतील. त्यांना हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. प्रत्येक काम सुरू करताना ते हत्यारं धुवायचे, थापी, गुण्या, ओळंबा, दोरीची गुंडी, सगळी ओळीने मांडायचे आणि एकच वाक्य म्हणायचे. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, तरुणपणी पहिल्या भिंतीच्या वेळी घाबरल्यावर आपसूक तोंडात आलं होतं: हात माझे, माप तुझं. देवाशी त्यांचं नातं असं होतं, मोठ्या मालकाशी जुन्या कारागिराचं असावं तसं, फार बोलणं नाही, पण भरवसा पक्का. आता ते दिव्याकडे बघत मनात म्हणाले, हात माझे होते, कबूल. पण माप तुझं होतं ना? मग पाऊण इंच कुठे गेलं? दिवा नेहमीसारखा तेवत राहिला. पाऊण इंच हा त्यांचा अंदाज. गोटीच्या वेगावरून त्यांनी तो मनातल्या मनात बांधला होता, आणि त्याही परिस्थितीत आपला अंदाज बरोबरच असणार याची त्यांना खात्री होती.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. इतका की गेली चौतीस वर्षं झोप आली नाही की ते तोच दिवस काढून हातात धरत. वस्तीची माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी कामाला येत, आणि त्या दुपारी खुणा मारायच्या होत्या, हाताशी कुणी नव्हतं. लेव्हलच्या नळीला दोन माणसं लागतात. लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी, एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे. दोन्ही टोकांना पाणी आपोआप एकाच उंचीवर येतं, तिथे भिंतीवर खूण करायची, की खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळी मिळाली. पाणी खोटं बोलत नाही, असं ते त्यांच्या हाताखालच्या प्रत्येक गवंड्याला सांगत आले होते. बायको सातव्या महिन्यात होती, डबा घेऊन आली होती. तिला त्यांनी दिव्याच्या बाजूला पालथ्या बादलीवर बसवलं, नळीचं टोक आणि पेन्सिल हातात दिली आणि स्वतः दाराशी जाऊन बसले. तिच्या ओटीत शेंगदाणे होते, मधूनमधून खात होती. "हलू नकोस!" ते ओरडले. "मी नाही हलत," ती तिकडून ओरडली, "आतल्याला सांगा, लाथा झाडतंय!" रिकाम्या खोलीत तिचं हसू भिंतींवर आपटून दुप्पट होऊन आलं. छप्पर होतं, दारं नव्हती, उन्हाचा एक लांब पट्टा दोघांच्या मधे पडला होता आणि नळीतलं पाणी त्यात चमकत होतं. त्यांना वाटलं होतं, हेच ते. देव, घर, काम, सगळं या एका नळीत आहे, आणि दोन्ही टोकांना एकाच उंचीवर आहे. असं काही ते कधी कुणाला बोलले नव्हते. बोलले असते तर तिने ताप बघायला कपाळाला हात लावला असता. आणि आता तीच दुपार त्यांना संशयाने उलटीपालटी करावी लागत होती. ती हलली असणार. आतल्याने लाथ मारली, ती हलली, खूण वर गेली. म्हणजे चूक जन्माला न आलेल्या लेकीची? या विचाराने त्यांना इतकं हलकं वाटलं की लगेच लाजही वाटली.

झाडूवाल्या मावशी बादली घेऊन आत आल्या. "काका, उठा तिथून, ओलं व्हाल. बटण, तू पण." त्यांनी बादली दिव्याच्या ओट्यापाशी ओतली. पाणी पसरलं, क्षणभर थांबलं, आणि गोटीच्याच वाटेने निघालं. शहाण्यासारखं, सगळ्या फरशा पुसत, दाराबाहेर. मावशींना नुसता खराटा मागून फिरवायचा होता. "एक सांगू का," मावशी म्हणाल्या, "बावीस वर्षं मी इथे झाडते. दवाखान्यात झाडते, बँकेत झाडते. पण असा विचार कुणी केलेला नाही. एका टोकाला ओतायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. माझी कंबर तुम्हाला रोज आशीर्वाद देते. मुद्दाम केलंत ना हे?" त्यांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. पूर्ण तयार, धुतलेलं, इस्त्री केलेलं 'हो'. किती सोपं होतं. मुद्दाम केलं, मावशी, तुमच्या कंबरेसाठी केलं. उद्या ही गोष्ट वस्तीभर झाली असती आणि त्यांचं नाव आणखी पाऊण इंच वर गेलं असतं. ते म्हणाले, "हं." नुसतं हं. पण ते हं घशात अडकून बसलं, माशाच्या काट्यासारखं. चाळीस वर्षांत कुणाची भिंत वाकडी असताना ते हं म्हणाले नव्हते. स्वतःच्या साडूच्या घराचा जिना त्यांनी दोन पायऱ्या पाडून पुन्हा बांधायला लावला होता, साडू अजून लग्नकार्यात लांब बसतो.

डबा घेऊन बायको आली तेव्हा ते जमिनीवर आडवे होऊन, गाल फरशीला लावून, एक डोळा मिटून बघत होते. शेजारी बटण तशीच आडवी, दोन्ही डोळे मिटून. "काय हो, चक्कर आली का?" डबा खाली ठेवत ती धावली. "नाही. बस." "खाली? माझे गुडघे..." "बादली देऊ पालथी?" ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग मावशींची बादली स्वतःच पालथी घालून बसली, दिव्याच्या बाजूला, अगदी तिथेच. त्यांनी गोटी ठेवली. टिक्, टिक्, टण्ण. "अगं, त्या दिवशी तू हलली होतीस का?" कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. "मुळीच नाही. दगडासारखी बसले होते. श्वाससुद्धा धरला होता." "श्वास कशाला?" "बुडबुडा जाईल म्हणून."

"कुठला बुडबुडा?" त्यांनी हळू विचारलं. "नळीतला. शेंगदाण्याएवढा होता, लांबट. माझ्या टोकाशी, पाण्याच्या जरा खाली." तिचा चेहरा त्या आठवणीने उजळला होता. "इतका गोड दिसत होता. आदल्या दिवशी तुम्हीच नाही का शिकवलंत, ती तुमची हातातली छोटी लेव्हल दाखवून? बुडबुडा मधोमध आला की समज काम फत्ते. म्हणून मी म्हटलं, वा, इथे पण आला! पळू नये म्हणून बोटाने हळूच सांभाळून धरला. तुम्ही तिकडून विचारलंत, पाणी स्थिर आहे का, मी म्हटलं, छान आहे. खूण केली." ती थांबली. त्यांच्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "का? नको होता का?"

त्या हातातल्या लेव्हलमध्ये बुडबुडा हवाच असतो, त्याच्याशिवाय ती मुकी. आणि नळीत बुडबुडा म्हणजे पाण्याच्या तोंडातलं खोटं. जेवढा तो लांब, तेवढी खूण वर. नव्याने आलेल्या प्रत्येक गवंड्याला ते पहिल्याच दिवशी हे सांगायचे, नळी झटक, हवा काढ. सगळ्या गवंड्यांना सांगितलं. बायकोला निम्मंच सांगितलं, कारण आदल्या दिवशी ती अशी टक लावून ऐकत होती की त्यांना वाटलं हिला आता सगळं कळलं. शेंगदाण्याएवढा. पाऊण इंच. अंदाज बरोबरच होता. त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं. त्यांना वाटलं रडू, पण ते हसू होतं, नळीतल्या हवेसारखं वर वर येत गेलं आणि घशातल्या त्या 'हं'ला घेऊनच बाहेर पडलं. सातव्या महिन्यातली बाई श्वास धरून बसलीय, त्यांची चूक निसटून जाऊ नये म्हणून बोटाने राखतेय! तुझं माप सांभाळायला तू हिला बसवलंस होय, ते दिव्याकडे बघून मनात म्हणाले. "हसता काय? चूक झाली ना माझ्याकडून?" "तुझ्याकडून नाही गं. मास्तराने अर्धा धडा शिकवला, विद्यार्थिनीने तो शंभर टक्के पाळला." डोळे पुसत ते उठले. आता जेवायची सोय नव्हती. बाहेर काँक्रीटची गाडी मागे घेताना करते तसा टीं टीं आवाज सुरू झाला होता.

ताडपत्री बाजूला सारून ते पलीकडे गेले. लेक डोक्याला टोपी, हातात आराखडा, गाडीवाल्याला खूण करत होती. "बाबा, सरका, चाक येईल." "थांबव गाडी." "काय झालं?" चार गवंडी ऐकत होते. थोरला गवंडी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्यांना वाटलं होतं हे वाक्य जड जाईल, भिंत उचलण्याइतकं. पण ते अगदी साध्या आवाजात निघालं. "जुन्या फरशीवरून पातळी घेऊ नकोस. ती उतरती आहे. पाऊण इंच. माझी चूक आहे, नळीत हवा होती." थोरल्या गवंड्याने खाली बघितलं. बाकीच्यांनीही. आणि त्यांना एकदम कळलं की हे आश्चर्याने खाली बघणं नाही. "एकोणीस मिलिमीटर," लेक हळू म्हणाली. "दोन आठवड्यांपूर्वी लेझर लावला तेव्हा दिसलं." "मग सकाळी विचारलंस कशाला?" "म्हटलं, तुम्हाला माहीत असेल तर सांगाल." "आणि नाही सांगितलं असतं तर?" "तर नव्या फरशीलाही तेवढाच उतार दिला असता. जुळून गेलं असतं." "आणि पाटीवरचं नाव? तुझं?" "माझं नाव अजून छोटंय बाबा, काय व्हायचंय त्याला." चौतीस वर्षांपूर्वी, ऐन खूण करताना, तिने पोटातून लाथ मारली नव्हती; मारली असती तर बुडबुडा तेव्हाच पळाला असता. "दोन आठवड्यांपूर्वी कळलं तुला?" त्यांनी पुन्हा विचारलं, कारण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दडलं होतं. "लेझरने दोन आठवड्यांपूर्वी," ती म्हणाली. "तशी... सहा-सात वर्षांची असल्यापासून. आम्ही सगळी पोरं प्रार्थनेला दिव्यापाशी का भांडून बसायचो, असं वाटतं तुम्हाला? तिथून गोट्या सोडायच्या. प्रार्थना संपेपर्यंत ज्याची दाराशी आधी पोचेल तो राजा." थोरला गवंडी आता उघड हसत होता. "काका, मी दोन वर्षं राजा होतो." वस्तीतल्या लेकरांना दिव्याची केवढी ओढ, असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत आले होते. चाकाच्या खुर्चीतले मास्तर प्रार्थनेला ब्रेक लावून बसत. त्यांना वाटायचं जुनी सवय. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. ज्यांच्या भिंतींना त्यांनी कधी माफ केलं नव्हतं त्या अख्ख्या वस्तीने त्यांचं हे पाऊण इंच बोटाने सांभाळून धरलं होतं, निसटू नये म्हणून. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी तो शोधला, मनाच्या सगळ्या खोल्यांत, आणि तो कुठे सापडेना.

"नवी फरशी सरळ टाक," ते म्हणाले. "दिव्याच्या टोकाशी जुळव, मास्तरांची खुर्ची तिथून जाईल. दाराच्या टोकाला नवी वर राहील." "तिथे अडखळतील लोक." "सांध्याला दगडाची पट्टी घालू, काळी, उठून दिसणारी. एका टोकाला कागदाइतकी, दुसऱ्या टोकाला पाऊण इंच. मी घासतो." "सगळ्यांना दिसेल बाबा." "दिसू दे. मावशींनाही सांगायचंय मला, कंबरेचा आशीर्वाद परत घ्या म्हणून." "जुनी फरशी उखडायची नाही ना?" थोरल्या गवंड्याने घाईने विचारलं. त्याचा मुलगा आता सहा वर्षांचा होता. "अजिबात नाही," ते म्हणाले.

पट्टीच्या खुणा लेझरने दोन मिनिटांत झाल्या असत्या, पण त्यांनी माळ्यावरून जुनी नळी आणवली. पिवळी पडली होती, चिवट झाली होती. त्यांनी ती धुतली, पाणी भरलं, आणि कुणी न सांगता बायको दिव्याच्या बाजूला पालथ्या बादलीवर जाऊन बसली, मांडीवर बटण. ते दाराशी बसले. मधे उन्हाचा पट्टा होता, थोडा तिरका. "आधी सांगा," ती तिकडून ओरडली, "बुडबुडा हवाय की नकोय?" गवंडी खो खो हसले. "नकोय!" "नक्की? एक आलाय बघा, छोटुकला." "काढ त्याला." "कसा काढू? इतकी वर्षं राखला हो मी." बटणाने नळीला टिचकी मारली, आणि कुठे गेला, कुठे गेला, असं विचारत वर बघत बसली. ते डोळे मिटून पुटपुटले, "हात माझे, माप तुझं." खोलीत सामान नव्हतं, आवाज तिकडे पोचला. "पुन्हा माझ्यावर ढकलू नका," ती म्हणाली. "या वेळी स्वतः येऊन बघा." खरंच की. त्या दिवशी दाराशी बसून ते फक्त ओरडले होते. उठून त्या टोकाला काय दिसतंय ते बघायला गेले नव्हते. त्यांनी आपलं टोक लेकीच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि पाऊण इंच चढून तिच्याकडे गेले.